दारावरची चार भोकं

पायऱ्यांच्या खालीच थांबा जरा, वर जायची घाई नको. आमच्या हेदवण्याच्या इंग्रजी शाळेत पाहुणे आले की घड्याळाचा मनोरा बघतात, फोटो काढतात आणि वाटेला लागतात. मी मात्र त्यांना सभागृहाच्या या दाराशी आणतो. दारावरच्या चौकटीत चार भोकं दिसतात ना? तिथे पूर्वी पाटी होती. ती का उतरवली, हे सांगताना आम्हा हेदवणेकरांची मान खाली जाते. तरी सांगतो, कारण शाळेची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला.

ही शाळा उभी केली आठल्येमास्तरांनी. माणूस विद्वान आणि नियमाचा पक्का. सभागृह बांधायला घेतलं, पण तुळयांना आणि दाराला साजेसं लाकूड मिळेना. तिकडे घाटाच्या अंगाला धनगरवाडा आहे, त्याच्या वर देवराई. त्या राईतली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नसे. राई राखायचा मान भागाई झोरे नावाच्या बाईकडे होता. मास्तर तिच्या दारात गेले. तिने देवाला कौल लावला, असे सांगतात, आणि एकच अट घातली, "आमची पोरं तुमच्या शाळंत बसाय पायजेत." मास्तरांनी देवापुढे नारळ ठेवून शब्द दिला. राईत कुऱ्हाड चालली त्या दिवशी धनगरवाड्यात चूल पेटली नाही म्हणे.

सभागृह झालं. गावातल्या प्रतिष्ठितांनी दारावर पितळी पाटी ठोकली: ‘सर्वांस मुक्तद्वार’. उद्घाटनाला बडा साहेब येणार, म्हणून मांडव, तोरणं, सगळा थाट.

त्या सकाळी भागाई पोरांना घेऊन आली. पोरांची डोकी तेलाने चापून बसवलेली. मंडळींनी मास्तरांकडे पाहिलं. इंग्रजी पहिलीत बसायचं तर मराठी चौथी पास झाल्याचा दाखला लागे, आणि धनगरवाड्यात शाळाच नव्हती. हे मास्तरांना शब्द देतानाही ठाऊक होतं. तेव्हा आठवलं नाही, की आठवूनही गप्प बसले, ते देव जाणे. ते एवढंच म्हणाले, "भागाबाई, नियमापुढे माझाही इलाज नाही. दाखला आणा, मग बघू."

भागाई तुळयांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रायीनं तुमच्यापाशी दाखला मागितला व्हता काय, मास्तर?"

ती पोरांना घेऊन घाटाकडे चालू लागली.

साहेब आला. त्याने दाराला हात लावला, दार हललं नाही. मास्तरांनी जोर लावला, मग शिपायांनी, मग कोट काढून मंडळींनी. डोक्यावर ती पाटी, आणि खाली सगळे दार ढकलतायत! साहेब मांडवातच चहा पिऊन गेला. सुताराला बोलावलं, तर त्याने पटाशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ह्या लाकडाला मी हात लावणार नाही." आमचे विज्ञानाचे सर म्हणतात, ओलं लाकूड होतं, फुगलं असेल. असेलही. पण लाकूड फुगल्यामुळे आमची लाज काही कमी होत नाही.

पुढे कितीतरी दिवस वर्ग ओसरीवर भरले. मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना म्हणे. शेवटी एका पहाटे ते पगडी घरी ठेवून, वहाणा हातात घेऊन धनगरवाड्यावर गेले आणि भागाईच्या अंगणात उभे राहिले. "चुकलो," म्हणाले. "दार उघडायला चला."

भागाई म्हणाली, "दार उघडाय मी येत न्हाई. पोरांना सोडाय येईन."

ती आली. एका हाताला नात, मागे बाकीची पोरं. दुसरा हात तिने दाराला लावला आणि दार उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही, असे सांगतात. मास्तरांनी त्याच दिवशी पाटी उतरवली. मराठी चौथीपर्यंतचे वर्गही शाळेत सुरू केले आणि त्या पोरांच्या हाती पहिली पाटी-पेन्सिल स्वतः दिली. मंडळींनी विचारलं, पितळी पाटी पुन्हा कधी लावायची? मास्तर म्हणाले, "खरी होईल तेव्हा."

आजही शाळा सुरू होते त्या दिवशी मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळे इथेच, पायऱ्यांच्या खाली उभे राहतात. ऊन असो, पाऊस असो. धनगरवाड्यावरून कुणीतरी पोराला सोडायला येतं, दाराला हात लावतं, मगच सगळे आत जातात. एका वर्षी ओढ्याला पाणी आलं आणि वाड्यावरची माणसं दुपारी पोचली. तोवर सगळी शाळा भिजत उभी होती. पाटी मात्र अजून कपाटातच आहे. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी ती लावायचा विषय काढतं, आणि वाड्यावरची किती पोरं दहावीच्या आत शाळा सोडून गेली, हे कुणीतरी विचारतं. मग विषय तिथेच मिटतो.

आता चढा पायऱ्या. दार लोटून बघा. बोटाने लोटलं तरी उघडतं ते. वर्षातल्या त्या एका सकाळी मात्र सगळी शाळा समोर उभी असते, आणि कुणी बोट लावत नाही.