वहीतलं गाणं

फार फार वर्षांपूर्वी, हिमालयाच्या पार पलीकडे, जिथे तुतीच्या पानांवर रेशमाचे किडे पोसतात, तिथे एक राजा होता. माणूस भला. खोड एकच: जे लिहून ठेवलं ते कायमचं आपलं झालं, असं त्याला वाटे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शोधलं तर घरातही सापडेल एखादं.

त्या देशात छिन नावाचं वाद्य वाजवत. लांबट लाकडी फळी, तिच्यावर रेशमाच्या सात तारा आणि कडेने शिंपल्याचे तेरा ठिपके. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हाताचं बोट ठिपक्यापाशी दाबायचं किंवा घसरवायचं. शिकवण्याची रीतही ठरलेली होती. गुरू आणि शिष्य समोरासमोर बसत आणि एकच गाणं महिनोन्महिने दोघे मिळून वाजवत.

राजाच्या आईच्या माहेरचा एक म्हातारा वादक दरबारात होता. तिच्या माहेरचं एक जुनं गाणं आता त्याला एकट्यालाच येत होतं. राजाने लेखनिक बसवून ते उतरवून घेतलं: कुठली तार, कुठलं बोट, कुठला ठिपका. कुठल्या सुरावर किती थांबायचं, हे लेखनिकांनी विचारलं, तेव्हा म्हातारा म्हणाला की ते लिहीत नाहीत, समोर बसून घ्यावं लागतं. कुणाला तरी माझ्यासमोर बसवा.

राजाला वाटलं, म्हातारा आपली जागा टिकवायला बघतोय. गाणं तर वहीत आलं होतं. त्याने म्हाताऱ्याला मानाने नारळ दिला आणि गावी पाठवलं.

पुढे काही वर्षांनी राजमाता अंथरुणाला खिळली. वैद्यांनी हात टेकले. तिने एकच गोष्ट मागितली, माहेरचं ते गाणं. वही उघडली. दरबारातल्या सात वादकांनी ते आळीपाळीने वाजवलं. बोट एकाचंही चुकलं नाही, तरी सातांची सात गाणी झाली, आणि तिचं त्यात एकही नव्हतं. राजमातेने हळूच तोंड भिंतीकडे वळवलं.

राजा स्वतः घोड्यावर बसून म्हाताऱ्याच्या गावी गेला. दारात म्हाताऱ्याची बायको तुतीची पानं निवडत होती. म्हातारा मागच्या हिवाळ्यातच वारला, असं तिने सांगितलं. राजा ओट्यावर बसला.

“आजी, त्यांनी कुणालाच शिकवलं नाही?”

“समोरची जागा रोज झाडून ठेवायचे. कुणी आलंच नाही,” ती म्हणाली. “पण महाराज, वाजवणारा गेला तरी ऐकणारी आहे ना? तिच्या कानात थोडंफार उरलं असेल. तिला विचारलंत का?”

नव्हतं विचारलं. आईला काही विचारावं, हे कित्येक वर्षांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली.

परतल्यावर त्याने छिन आईच्या पलंगासमोर मांडलं. राजपुत्रांना शिकवतात तेवढंच त्याला येत होतं. वहीत बघत त्याने पहिली तार छेडली आणि म्हणाला, “आई, कुठे थांबू, ते तू सांग.”

ती बोट उचले, तो थांबे. ती बोट टेकवे, तो पुढे जाई. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गाणं ओळखीचं झालं आणि राजमातेचे डोळे भरून आले. ती हसलीही. पण गाणं निम्म्यावर आलं आणि तिचं बोट हललंच नाही.

“पुढे कसं, आई?”

“पुढचं मला ठाऊक नाही रे. माझी आई मला निजवताना हे वाजवायची. इथवर आलं की मला झोप लागायची.”

एवढं बोलून तिने डोळे मिटले. ती झोप पुन्हा मोडली नाही.

राजाने ते गाणं पुढे कितीतरी जणांना समोर बसवून शिकवलं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं वहीत आहे, एक अक्षरही पुसलेलं नाही. त्या देशातले वादक अजून निम्म्यावर येऊन थबकतात, हात तारांवर टेकवतात आणि उठतात.

म्हणून सांगतो, जाणतं माणूस आहे तोवरच त्याच्यासमोर जाऊन बसावं. वहीत विद्येची खूण राहते, विद्या माणसाबरोबर निघून जाते.