गौरींचा बांध

फार फार वर्षं झाली त्याला. डोंगराच्या कुशीतल्या हेळवडीत पावसाळाभर ओढा दोन्ही काठ फोडून धावायचा आणि होळीची राख निवते न निवते तोच कोरडा पडायचा. मग बायकांनी घागरी घ्यायच्या आणि कड्याखालच्या झऱ्यावर उतरायचं. वाट अशी, की बकरीनंही विचार करून पाय टाकावा.

या गावात आवडाई नावाची गुरवीण राहायची. वाघजाईचं देऊळ झाडायचं, देवीपुढं दिवा लावायचा, हे तिचं काम. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलती एक लेक, म्हाळसा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखाचे दिवस. आईचे गुडघे धरले होते, म्हणून लेकच घागर घेऊन गेली आणि कड्याच्या वाटेवर तिचा पाय निसटला.

तिला वर आणलं धुरपानं. धुरपा वेशीबाहेरच्या वस्तीतली. तिच्या सावलीचाही तेव्हा गावाला विटाळ व्हायचा. पण त्या दिवशी दरीत सरपण गोळा करत ती एकटीच होती. तिनं म्हाळसाला खांद्यावर घेतलं, वेस ओलांडली आणि आवडाईच्या दारात आणून निजवलं. म्हाळसा पुन्हा उठली नाही.

असं म्हणतात, आवडाईच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही. ती देवीसमोर बसून राहिली. दिवा मात्र तिनं विझू दिला नाही.

भादवा आला. हेळवडीत गौर खड्यांची. सवाष्णींनी मुक्यानं ओढ्यावर जायचं, पाण्यातले खडे उचलायचे, घरी आणून पूजायचे. गौर म्हणजे माहेराला आलेली लेक. तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा ओढ्यात सोडायचं. त्या वर्षी सगळ्या गौरी पाण्यात गेल्या आणि आवडाई पुढं झाली. विधवेनं गौरीला हात लावायचा नाही, अशी रीत. बायका मागं सरल्या. आवडाईनं नारळाएवढा धोंडा उचलला, कपाळाला लावला आणि ओढा दोन खडकांमधून निघतो तिथं नेऊन बसवला.

“हे काय गं, आवडे?” थोरली पाटलीण म्हणाली. “गौर बोळवायची असती.”

“माझ्यानं न्हाई बोळवत, पाटलीणबाई. एकदा बोळवली तेवढं पुरं झालं. ही हितंच बसू दे. ही बसली तर पाणी बसंल. पाणी बसलं तर कुणाची लेक कड्यावर जायची न्हाई.”

खालच्या अंगाला धुरपा उभी होती. तिच्याही हातात धोंडा. पण पुढं यायचं धाडस होईना. आवडाई पाण्यातून चालत गेली, तिचं मनगट धरून तिला वर घेऊन आली आणि तिचा धोंडा आपल्या धोंड्याला टेकवून ठेवायला लावला. थोरली पाटलीण पदर सावरत तडक घरी गेली.

आठवडा गेला नाही तोच पूर आला आणि दोन्ही धोंडे वाहून गेले. देवीनंच झिडकारलं म्हणून गाव हसलं. आवडाई ओढ्याच्या काठानं खाली खाली चालत गेली. असं म्हणतात, हजार धोंड्यांतून तिनं ते दोन धोंडे ओळखले आणि पाटीत घालून माघारी आणले. पुढच्या भादव्यात ती दारोदार जाऊन सांगू लागली, “वाहून जाणार न्हाई एवढी गौर आणा.”

आधी आल्या ज्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे त्या. विधवा आल्या. मूल नसलेल्या आल्या, नवऱ्यानं टाकलेल्या आल्या, वस्तीतल्या आल्या. मग सवाष्णी आल्या. आणि एका वर्षी थोरली पाटलीण अनवाणी आली, पदरात धोंडा घेऊन. तिनं तो बाकीच्या धोंड्यांवर ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

धोंड्यावर धोंडा बसत गेला. मागं गाळ साठला, गाळात गवत धरलं, गवतानं धोंडे घट्ट आवळले. आणि एका वैशाखात बांधाखालच्या, उन्हाळ्यात नेहमी कोरड्या पडणाऱ्या जुन्या विहिरीत पाणी दिसलं. बायका काठावर उभ्या राहिल्या. पाणी आत हलत होतं, त्यात आभाळ होतं. कितीतरी वेळ कुणाला पोहरा सोडवेना.

ही बातमी रायाजी पाटलाच्या कानी गेली. रायाजी थोरल्या पाटलिणीचा मुलगा. पाणी आलं याचा आनंद राहिला बाजूला. वस्तीच्या बायकांचे धोंडे बांधात आहेत हे ऐकून तो गडी घेऊन आला.

“वस्तीचे धोंडे उपसून काढा. पाणी बाटलंय.”

आवडाई बांधावरच उभी होती. “काढा की, पाटील. वस्तीची गौर कंची, तेवढं दावा.”

गड्यानं पहार उचलली आणि तो बघतच राहिला. सगळ्या धोंड्यांवर सारखंच शेवाळ, सारखंच गवत. मागून थोरली पाटलीण आली.

“रायाजी, ह्यात माझीबी गौर हाय. तुझ्या आईची कंची, सांग बरं.”

रायाजी धोंड्यांवरून नजर फिरवू लागला.

“चुकून तीच निघाली, तर कुठं टाकशील?”

गड्यानं पहार खाली ठेवली आणि बांधाला हात जोडले. रायाजी वळून निघून गेला. त्या दिवशी त्यानं त्या विहिरीचं पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं.

त्याच वर्षी श्रावणात भर दुपारी डोंगरावर ढग फुटला. सारं गाव वाघजाईच्या टेकडीवर चढलं. वरून तांबडं पाणी आलं, उपटलेली झाडं घेऊन, भिंतीसारखं. बांध गेला, असं सगळे धरून चालले होते. आणि मग, असं म्हणतात, बांधाच्या जागी बायका दिसल्या. हिरव्या लुगड्यांतल्या, खांद्याला खांदा लावून, पाण्याकडे पाठ करून उभ्या. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत चढलं, डोक्यावरून गेलं, तरी एकही हलली नाही. टेकडीवरच्या बायकांनी भिऊन एकमेकींना चाचपून पाहिलं. गावातल्या, वस्तीतल्या, सगळ्या वरच होत्या.

रांगेत मधोमध एक पोरगी होती. तिचा एक हात शेजारणीच्या हातात, दुसरा पोटावर.

“धुरपे, बघितलीस का?” आवडाई म्हणाली.

“बघितली गं,” धुरपा म्हणाली.

आणि मग आवडाई रडली. तिचं रडणं पुराच्या आवाजावरून ऐकू येत होतं, असं म्हणतात.

पाणी ओसरलं तेव्हा बांध जागच्या जागी होता. एक धोंडा हलला नव्हता.

आवडाई कधी गेली, कुणालाच नीट ठाऊक नाही. एके सकाळी देऊळ झाडलेलं होतं, दिवा तेवत होता आणि ती नव्हती. तिची समाधी नाही, मूर्तीही नाही.

पण हेळवडीत आजही गौर बोळवत नाहीत. तिसऱ्या दिवशी ती बांधावर बसवतात आणि पहिला धोंडा विधवेच्या हातचा असतो. तो बसेपर्यंत बाकीच्या ताटकळत उभ्या राहतात, मग ती पाटलाची सून का असेना. उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी तळ दाखवतात, तेव्हा लांबलांबची माणसं हेळवडीला पाण्याला येतात. कोण, कुठले, कुणाचे, हे कुणी विचारत नाही. विहिरीशी बसलेली म्हातारी एवढंच म्हणते, “आवडाईचा धोंडा आणलास न्हवं?” धोंडा आधी बांधावर चढतो, मग घागर विहिरीत उतरते.