ठमाईची डोंगरमोहरी

फार जुनी गोष्ट आहे, कुसरवाडीच्या वर धनगरांचा वाडा होता तेव्हाची. तिथं ठमाई राहायची. डोंगरातलं पान न पान तिच्या ओळखीचं, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊसच पडला नाही. खाली पाटलाचं जमिनीतलं पेव धान्यानं भरलेलं होतं, पण त्यानं त्यावर शिळा ठेवली आणि लोकांना डोंगराची वाट दाखवली. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, धुक्याच्या ओलीनं डोंगरमोहरी फुलली होती. ठमाईनं ती भाजी सगळ्यांना दाखवली. तिच्यातच तशाच पांढऱ्या फुलांची विषारी विखार उगवते, म्हणून एकेक रोप बघून खुडा, असं तिनं बजावलं. पाटलाला तेवढा धीर नव्हता. त्यानं माणसांच्या हाती विळे दिले आणि सगळा पाला सरसकट कापून आणवला. चावडीपुढं मोठ्या हंड्यात तो शिजवून लोकांना वाढला.

सकाळपर्यंत कितीतरी घरांत रडारड झाली. ठमाईची नात पारू त्यातच गेली.

पाटील म्हणाला, भाजी ठमीनं दाखवली, पाप तिचं.

ठमाई चावडीवर आली. रडली नाही. दोन्ही हातांत दोन रोपं होती.

"हिला चार पाकळ्या, फुलीसारख्या. पान चावलं की जीभ चरचरते," ती म्हणाली. "हिला पाच, आणि पान गोड. पाटील, मी भाजी दाखवली, विळा तुम्ही दिला. आता हे गोड पान तुम्ही खा."

पाटील दोन पावलं मागं सरकला. गावातलं कुणीच तिच्या बाजूनं उभं राहिलं नाही. त्याचाही तिला राग आला. ती तशीच पेवावर गेली आणि शिळेवर पाय आपटला. शिळा तडकली, आणि भात उतू जावा तसं धान्य आपोआप वर आलं, असं म्हणतात. मग ती सड्यावर चढली आणि दोन्ही हातांनी विखार उपटत सुटली. बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. धुक्यात शिरली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या सड्यावर आजवर विखारीचं एक रोपही उगवलेलं नाही, असं म्हणतात.

तरीही कुसरवाडीत दर श्रावणात पाटलाच्या घरातला कर्ता पुरुष सड्यावर जाऊन गुडघे टेकतो. साऱ्या बायकांसमोर डोंगरमोहरीच्या फुलाच्या चार पाकळ्या मोठ्यानं मोजतो आणि पहिलं पान कच्चं चावतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावायचं. आलं नाही, तर बायका दुसरं पान पुढं करतात. त्याआधी गावात कुणाच्याही चुलीवर ती भाजी चढत नाही.