अनसेच्या चुकलेल्या तारखेची कहाणी

ऐक गं तारीखबाई, तुझी कहाणी. एका आटपाट नगरात काजूचा कारखाना होता. तिथं अनसा काजू फोडायची. टरफलाच्या तेलानं तिचे हात सोलवटले, मग तिनं हातमोजे मागितले. मालक म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.” मग अनसा कामगार कोर्टात गेली. काम परत मिळावं म्हणून दावा लावला. तारीख पडली, ती नेमकी जिवतीच्या शुक्रवारी.

शेजारीण म्हणाली, “अगं, आज तारीख ना तुझी?” शेजारणीला सगळं ठाऊक असतं. अनसा म्हणाली, “सवाष्ण जेवू दे आधी. कोर्ट कुठं पळून जातंय?” मग कोर्टात पुकारा झाला. पहिल्या पुकाऱ्याला ती पुरण वाटत होती. दुसऱ्याला सवाष्णीला वाढत होती. तिसऱ्याला ओटी भरत होती. मग धावत गेली. शिपाई म्हणाला, “बाई, तुम्ही गैरहजर. दावा काढून टाकला.”

अनसा पायरीवर रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. “का गं रडतेस?”

“देवीचं केलं, आणि माझंच गेलं.”

“देवीचं उद्या केलं असतंस तर ती रुसली नसती. कोर्टाला उद्या चालत नाही. ऊठ, तारखेचा वसा घे.”

“तो कसा घ्यावा?”

“तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. खरं कारण लिहावं, आजाराचं सोंग करू नये. शिक्क्याची पोच घ्यावी, देवापाशी ठेवावी. तारखेला पुकाऱ्याआधी बाकावर जाऊन बसावं.”

अनसेनं तसं केलं. दावा पुन्हा उभा राहिला. पहिल्या तारखेला अंगात ताप होता, तरी गेली. दुसरीला लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, शेजारणीला घरात बसवून गेली. तिसरी पुन्हा जिवतीच्या शुक्रवारी आली. चूल न पेटवता गेली. मालकाला लेखी उत्तर द्यायची ती अखेरची मुदत. तो घरी सत्यनारायणाला बसला होता. वकिलाचा निरोप आला, तर म्हणाला, “आधी आरती होऊ दे.” तीन पुकारे झाले, मालकाच्या बाजूनं कुणी उठलं नाही. मग न्यायाधीशबाईंनी अनसेचं ऐकून घेतलं, तिचे हात पाहिले आणि हुकूम दिला, हिला कामावर घ्यावं, हातमोजे द्यावेत.

ऊन कललं. अनसा घरी आली, तो उंबऱ्यावर तीच म्हातारी. “वाढ गं, भूक लागली.”

“आजी, पुरण अजून शिजायचंय. उशीर होईल.”

“होऊ दे. मला चालतो.”

तारीखबाई जशी अनसेला पावली, तशी ऐकणाऱ्या बायांना पावो, कुणाचा पुकारा रिकामा न जावो. ही चार तारखांची कहाणी तिसऱ्या पुकाऱ्याला सुफळ संपूर्ण.