राजाचं गाणं आणि मंजुळेचं उत्तर

एका संस्थानाच्या राजाला गाण्याचा भारी शौक, पण सूर काही लागत नसे. एकदा भर दरबारात तो तंबोरा घेऊन गायला. सगळ्यांनी माना डोलावल्या. राणीला गाणं शिकवणाऱ्या भागीरथीबाई तेवढ्या गप्प बसल्या. राजाला ते झोंबलं.

त्याने त्यांच्या लेकीला, मंजुळेला पुढे बोलावलं. "आईने तुला खरं तेच बोलायला शिकवलंय म्हणे. मग सांग, माझं गाणं कसं झालं? पण ध्यानात ठेव, उत्तर आवडलं नाही तर तुम्हा मायलेकींना आजच राज्य सोडावं लागेल."

मंजुळेने आईकडे पाहिलं. आईची नजर जराही ढळली नव्हती. तिला धीर आला.

"महाराज, गाणं चांगलं झाल्याची ज्याला खात्री असते, तो विचारतानाच शिक्षा सांगत नाही. आपण तर आधीच सांगितलीत. मग माझ्या उत्तराची गरजच काय?"

राजाचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. त्याने तंबोरा बाजूला ठेवला.

"भागीरथीबाई, हेही तुम्हीच शिकवलंत?"

"नाही महाराज," त्या भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "खरं बोलावं, एवढंच मी शिकवलं. ते कसं बोलावं, हे आज मी लेकीकडून शिकले."