गुग्गुळाचा पाहुणचार

ही कथा मी विद्यार्थिदशेत एका वृद्ध भिक्खूंकडून ऐकली. राजाचे नाव पृथुसेन होते की पृथुवर्मा, याची मला आता खात्री देता येत नाही. पृथुसेन धरून चालतो. चुकले असल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

मरुभूमीच्या काठी शुष्कवती नगरीत पृथुसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला. तांड्यांबरोबर वाळवंट तुडवीत तो वाढला आणि पुढे त्या राजाचा अमात्य झाला. नगरीत पाणी दुर्मीळ. म्हणून कोणाचा मान करायचा, तर त्याला पाणी द्यायचे, खाऊ घालायचे, अशी तिथली रीत होती. दिलेले नाकारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान.

एकदा राजाने वाळवंटातून गुग्गुळाची झुडपे आणवून राजवाड्यासमोर लावली आणि जाहीर केले, "हे आपले पाहुणे."

मग काय विचारता! येणारा-जाणारा तांब्याभर पाणी ओतू लागला. राणी झारी घेऊन येई, सेनापती पखाल घेऊन. थोड्याच दिवसांत पाने गळाली, बुंधे मऊ पडले.

करंडक माळी राजाला म्हणाला, "महाराज, पाणी जास्त होतंय."

"मान कधी जास्त होतो काय?" राजा संतापला. "तूच काहीतरी हयगय केली असशील. पौर्णिमेपर्यंत झुडपं ताजी झाली नाहीत, तर बायकोमुलांसह नगरी सोड."

नगरीबाहेर वाळूखेरीज काही नव्हते. करंडकाची बायको सामा म्हणाली, "राजाशी खाली मान घालून बोलावं, एवढंही कळू नये? तुमची मान खाली जाते ती फक्त झाडं बघायला! आता अमात्यांकडे तरी जा."

बोधिसत्त्वाने येऊन मुळे उकरून पाहिली. बहुतेक कुजली होती. उतारावरचे एक झुडूप तेवढे जिवंत होते. त्याच्यापाशी पाणी थांबत नव्हते. त्याने विचार केला, 'खरे सांगितले तर राजा ऐकणार नाही, आणि खोटे मला सांगायचे नाही. तेव्हा राजालाच झुडूप करावे. चिडला तर माझे पद जाईल. पण गप्प बसलो तर या माणसाचे घरच जाईल.'

त्याने राजाला करंडकाच्या अंगणात जेवायला बोलावले. सामाने लाडू वळले. राजा पोटभर जेवला आणि तृप्त होऊन ढेकर देतो न देतो, तोच बोधिसत्त्वाने बोलावलेले नगरजन लाडू घेऊन फाटकातून आत आले.

"महाराज, माझ्या हातचा एक!"

"माझाही! नाही म्हणायचं नाही हं!"

राजाने पानावर हात आडवा धरला. बोधिसत्त्व हळूच म्हणाला, "महाराज, रीत."

राजाने हात काढला. लाडूंमागून लाडू येत राहिले. शेवटी सेनापती टोपली घेऊन पुढे आला, तेव्हा राजाला घाम फुटला.

"अमात्य, हे लोक माझ्यावर कसला सूड उगवताहेत?"

"सूड नव्हे, महाराज. मान."

"मग थांबवा तो मान! मरेन मी!"

बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराजांना निदान बोलता येतं, पानावर हात आडवा धरता येतो. त्या झुडपांना हात नाहीत."

राजाने पान बाजूला सारले. त्याला बसल्या जागेवरून उठताही येत नव्हते. मग म्हणाला, "करंडका, कुठे जाऊ नकोस. माझीच चूक झाली. आणि कोणीतरी मला उठवा."

करंडकाने उतारावरच्या झुडपाची फांदी तोडून कोरड्या मुरमाड उंचवट्यावर खोचली. सवयीने सेनापती पखाल घेऊन आलाच. सामा आडवी झाली. "दादा, इकडे ओता. आमचा रांजण रिकामा आहे." पुढे फांदीला पालवी फुटली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, रोज खिरीची घागर घेऊन विहारात येणारा आणि नको म्हटले तरी वाढणारा उपासक, तोच तेव्हाचा राजा. घागर उचलणारा त्याचा मेहुणा म्हणजे सेनापती. भरलेले पात्र हातात धरून गप्प उभा राहणारा भिक्षू म्हणजे करंडक. 'अहो, पुरे' म्हणणारी त्या उपासकाची पत्नी म्हणजे सामा. अमात्य मीच होतो." घेणाऱ्याची गरज ओळखून देणे, ही दानातली प्रज्ञा होय.

तोडलेली फांदी कोरड्या जमिनीत जगते, हे भिक्खूंनी पदरचे घातले असावे, असे मला वाटत आले होते. पुष्कळ वर्षांनी एका रोपवाटिकेत विचारून खात्री करून घेतली. गुग्गुळ सहसा फांदीपासूनच लावतात.