एका दोऱ्याच्या दोन सुया

फार जुनी गोष्ट. म्हातारा भिवबा विहिरीची मोट शिवायला बसला, की एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायचा. आरीने पाडलेल्या भोकातून एक सुई अलीकडून जायची, दुसरी पलीकडून यायची. त्यामुळे कातड्याची शिवण दोन्ही अंगांनी घट्ट बसायची.

त्यातली धाकटी सुई नवी, चकचकीत होती. थोरलीचं नेढं झिजून पातळ झालं होतं. ते तुटू नये म्हणून भिवबा त्यात दोरा फार जपून ओवायचा, त्यात वेळ जायचा. तोवर धाकटी नुसती लोंबकळत राहायची.

"तुझ्यापायी माझा खोळंबा होतो," एके दिवशी ती फणकारली. "मी एकटी असते तर मोट कधीच शिवून झाली असती."

"कातडं जाड आहे गं बाई," थोरली म्हणाली. "आज जरा बेताने ओढ. माझ्यात जीव उरला नाही."

धाकटीला तो बहाणा वाटला. तिने हिसका दिला, तशी थोरलीचं नेढं तुटलं आणि ती खाली पडली.

भिवबाने तिला उचलून तळहातावर घेतलं. "माझी सगुणा ओवायची गं तुला," तो गेलेल्या बायकोच्या आठवणीने पुटपुटला.

उरलेली शिवण धाकटीने एकटीने घातली. मोट विहिरीत सोडली, भरून वर आली आणि तेवढीच शिवण उसवून पाणी परत विहिरीत कोसळलं.

भिवबाने धाकटीला पुन्हा ओवलं. आता ती प्रत्येक भोकाशी थबकायची. पलीकडून कुणीच येत नव्हतं.